खरकट्यातला करंट

आजचा विषय थोडा वास मारणारा आहे. ताट पुढ्यात घेऊन हा अंक वाचत असाल तर आधी जेवून घ्या, हात धुवा, मग या. आणि हो, ताटात काही उरलं असेल तर किती उरलं ते नीट बघून ठेवा. पुढे त्याचा हिशेब लागणार आहे.

झालं? बसा.

रविवारी सकाळी नाशिकमधल्या मिसळीच्या हॉटेलांबाहेर माणसं नंबर लावून उभी असतात. आत झणझणीत रस्सा, पाव, पापड, दही आणि शेवटी जीभ शांत करायला ताक. आपण खातो, ढेकर देतो, निघतो. मागे राहतो अर्धा पाव, रश्श्यात भिजून लगदा झालेली शेव, कांदा आणि पिळून टाकलेलं लिंबू. टेबल आवरणारे दादा हे सगळं एका मोठ्या पिंपात लोटतात. दुपारपर्यंत पिंप काठोकाठ भरतं. ते पुढे कुठे जातं?

हा पहिला प्रश्न. दुसरा विचारला की मोठी माणसं ‘शी!’ म्हणून विषय बदलतात, म्हणून इथेच विचारून घेऊ. बाजारात, वस्तीत, बसस्टँडवर सार्वजनिक शौचालयं असतात. त्यांच्याखाली जमिनीत सेप्टिक टँक असतो. तो भरला की जाडजूड पाइपवाला टँकर येतो, घर्रर्र करत आतला मैला ओढून घेतो आणि निघून जातो. तो कुठे जातो?

पांडवलेणी मागे टाकून मुंबईच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात विल्होळी येतं. त्या बाजूला नाशिक महापालिकेचा खत प्रकल्प आहे. गल्लोगल्ली गाणी वाजवत फिरणाऱ्या घंटागाड्या शेवटी तिथे जाऊन रिकाम्या होतात. याच ठिकाणी २०१७ साली एक वेगळा प्रकल्प सुरू झाला. जर्मन सरकारच्या जीआयझेड या संस्थेनं त्याला मदत केली. वरच्या दोन्ही प्रश्नांची एकत्र मोट बांधायची, अशी ती कल्पना. हॉटेलांतलं खरकटं आणि शौचालयांतला मैला एकाच बंद टाकीत घालायचा. त्यातून गॅस काढायचा. गॅसवर इंजिन चालवायचं आणि इंजिनाला जोडलेल्या जनरेटरनं वीज करायची.

थांबा, पुन्हा एकदा वाचा. तुम्ही टाकलेला अर्धा पाव अधिक कुणीतरी सकाळी केलेली ‘ती’, बरोबर दिवा.

हसून घ्या. मग पुढे जाऊ, कारण खरी गंमत टाकीच्या आत आहे.

ती टाकी म्हणजे एक भलंमोठं पोट आहे. लोक तिला डायजेस्टर म्हणतात. आत उजेड नाही, हवा नाही, आणि ऊब मात्र आपल्या अंगाइतकी, म्हणजे ३५ ते ४० अंश सेल्सिअस. थंडीत निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि नाशिककर शेकोट्या पेटवतात, तेव्हासुद्धा या पोटाला उबेत ठेवावं लागतं. गारठा वाढला की आतले जीव आळसावतात, गॅस कमी होतो. ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे त्यांच्या आजीला विचारा. जानेवारीत शेगडीची ज्योत बारीक होते हे ती लगेच सांगेल.

आतले जीव म्हणजे जिवाणू. डोळ्यांना दिसत नाहीत, पण कोट्यवधींनी असतात आणि कामं वाटून घेतात. पहिली टोळी मोठे तुकडे फोडते. पावातल्या पिठाची साखर होते, मटकीतल्या प्रथिनांचे बारीक घटक होतात. दुसरी टोळी त्यांची आम्लं बनवते. (आंबलेल्या पिठाचा आंबूस वास येतो ना, त्याच जातीचं हे काम.) तिसरी टोळी त्या आम्लांचं साधं व्हिनेगरातलं आम्ल करते, सोबत थोडा हायड्रोजन सोडते. मग येते शेवटची टोळी. ती हे सगळं फस्त करून मिथेन नावाचा वायू सोडते. एक कार्बन, त्याला चिकटलेले चार हायड्रोजन. रंग नाही, वास नाही, पण काडी लावली की निळ्या ज्योतीनं जळणार.

ही शेवटची टोळी मला सगळ्यात आवडते. शास्त्रज्ञ तिला जिवाणूंमध्येसुद्धा धरत नाहीत, आर्किया नावाच्या वेगळ्या घराण्यात घालतात. फार जुनं घराणं. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, त्या काळापासून हे जीव इथे आहेत. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठायला लागला आणि यांची पंचाईत झाली, कारण ऑक्सिजन यांना विष. मग ते लपले. तळ्याच्या तळाशी चिखलात, इगतपुरीकडच्या पाणी साठलेल्या भातखाचरात, वाळवीच्या आतड्यात आणि गाईच्या पोटात. गाय बसल्या बसल्या रवंथ करते आणि मधूनच ढेकर देते, त्या ढेकरेत मिथेन असतो. म्हणून नवी टाकी सुरू करताना तिच्यात शेणाचा काला घालतात. या मंडळींना आयतं घर मिळतं, आणि आपल्याला आयती मंडळी.

आता तुमच्यातला एखादा चौकस म्हणेल, खरकटं आणि मैला दोन्ही एकत्र कशाला? नुसतं खरकटं घातलं तर नाही चालणार? निदान वाचताना तोंड तरी वाकडं करावं लागणार नाही!

प्रश्न चांगला आहे. आधी मैला बघू. आपण जेवतो तेव्हा अन्नातली बरीचशी ताकद शरीर काढून घेतं. त्या ताकदीवर तुम्ही पळता, भांडता, गणितं सोडवता. बाहेर पडतं ते उरलंसुरलं. त्यामुळे मैल्यातून गॅस निघतो, पण बेताचाच. शिवाय शौचालयातून येणाऱ्या मालात पाणीच जास्त.

खरकट्याचं उलटं. त्यात ताकद ठासून भरलेली, कारण ते कुणी पचवलेलंच नाही. मिसळीवरच्या तेलकट तर्रीत तर पावापेक्षा किलोमागे दुपटीहून जास्त मिथेन दडलेला असतो. पण नुसतं खरकटं टाकीत ओतलं की काय होतं? आम्ल बनवणारी टोळी भराभर कामाला लागते. तिचा वेग दांडगा. मिथेनवाली टोळी संथ, तिची संख्या वाढायलाच दिवस लागतात. आम्ल साठत जातं, टाकी आंबट होते आणि त्या आंबटपणात मिथेनवाले काम बंद करतात. लग्नात जिलब्यांवर ताव मारल्यावर काकांना होते तीच, ॲसिडिटी! टाकीला एकदा ती झाली की सगळं ताळ्यावर यायला कित्येक आठवडे जाऊ शकतात.

इथे मैला मदतीला येतो. त्यात नायट्रोजन भरपूर. त्याचा अमोनिया होतो. सार्वजनिक मुतारीत नाकाला झोंबतो तोच. अमोनिया आम्लाला आवरतो. मैल्याबरोबर पाणी येतं, त्यानं घट्ट खरकटं पातळ होऊन ढवळता येतं. कार्बन खरकट्याकडून, नायट्रोजन मैल्याकडून, आणि दोन्ही बेतात मिसळले तर टाकी खुशीत. एकट्याएकट्यानं दोघंही कच्चे, जोडीनं मात्र पक्के. नाशिकच्या प्रकल्पातली हुशारी हीच, आणि ती मला त्यातल्या इंजिनापेक्षा मोठी वाटते.

ताटातलं उरलेलं बघून ठेवलंत ना? काढा हिशेब.

गोबरगॅसवाल्यांचा एक जुना अंदाज आहे. एका माणसाच्या एका दिवसाच्या मैल्यातून साधारण एक घनफूट, म्हणजे २८ लीटर गॅस मिळतो. हजार लीटर गॅसवर चांगलं इंजिन साधारण २ युनिट वीज देतं. मग २८ लीटरवर किती? त्रैराशिक मांडा. ०.०५६ युनिट. ऐकायला चिमूटभर वाटतं. पण ९ वॉटचा एलईडी दिवा लावायचा ठरवलात तर तो एवढ्या विजेवर सहा तास जळेल. म्हणजे तुमचा गृहपाठ होऊन, जेवून, भांडून, झोपेपर्यंत. तुमच्या एका सकाळच्या बळावर!

आणि खरकटं? ओल्या खरकट्याच्या एका किलोतून शंभर ते दीडशे लीटर गॅस निघू शकतो. ताटात दोनशे ग्रॅम भातभाजी टाकलीत तर २० ते ३० लीटर. बघा, दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आले. अख्ख्या दिवसभरात तुमचं पोट जेवढं मागे सोडतं, तेवढं बळ तुम्ही एका जेवणात ताटात टाकून उठता. आईला हे सांगू नका. सांगितलंत तर पुढचे काही दिवस ताट चाटूनपुसून स्वच्छ करावं लागेल.

आता विल्होळीच्या प्रकल्पाचा हिशेब. उभारताना त्याची क्षमता ठरली ती रोज ३० टनांपर्यंत मालाची. काही टन हॉटेलांतला, बाकीचा शौचालयांतला. पोट पूर्ण भरलं तर दिवसाला ३,३०० युनिटपर्यंत वीज करता येईल असं गणित होतं. महिन्याला शंभर युनिट लागणारं घर धरलं तर हजार घरांची ही वीज झाली. छान आहे ना?

थांबा. आता नाशिकच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. नाशिकरोडच्या पलीकडे एकलहरे. आगगाडीतून जाताना तिथल्या उंच चिमण्या तुम्ही पाहिल्या असतील. ते औष्णिक वीज केंद्र. तिथे १९७९ ते १९८१ या काळात सुरू झालेले तीन संच आहेत, प्रत्येकी २१० मेगावॉटचे. विदर्भातल्या खाणींमधून कोळसा भरून मालगाड्या येतात, कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेवर चक्रं फिरतात. यातला एकच संच पूर्ण ताकदीनं चालला तर तासाला २,१०,००० युनिट वीज देतो. मग विल्होळीची दिवसभराची ३,३०० युनिट वीज करायला त्याला किती वेळ लागेल?

भागाकार करा, मी थांबते.

सत्तावन्न सेकंद! एक मिनिटसुद्धा नाही.

दिवसभर पिंपं गोळा करा, टँकर फिरवा, जिवाणूंची मनधरणी करा, टाकीची ॲसिडिटी सांभाळा. आणि एकलहऱ्याचा एक संच तेवढं काम एका मिनिटाच्या आत उरकून मोकळा. मग हा खटाटोप कशासाठी? मोठी माणसं अशा वेळी ‘प्रत्येक थेंब महत्त्वाचा’ वगैरे म्हणतात. ते सोडा. थेंब मोजायचाच असेल तर नीट मोजू, कारण या गोष्टीतला सगळ्यात मोठा आकडा विजेचा नाहीच.

तो आकडा आहे पळून न गेलेल्या मिथेनचा.

समजा, ते तीस टन कुणी विल्होळीला नेलेच नाहीत. खरकटं कचऱ्याच्या डोंगरावर पडलं. त्यावर दुसऱ्या दिवशीचा कचरा पडला, त्यावर तिसऱ्या. खालच्या थराला हवा मिळेनाशी झाली. हवा नाही, ओल आहे, ऊब आहे. कुणाचं फावलं? बरोबर, आपल्या त्या जुन्या घराण्याचं! ते डोंगराच्या पोटात शिरून तिथेही मिथेन करणारच. फक्त तिथे वर झाकण नाही आणि पाइपही नाही. मिथेन फटीफटींतून वर येतो आणि थेट आकाशात जातो. कचरा डेपोंना उन्हाळ्यात आगी लागतात, त्यामागेही बऱ्याचदा हाच असतो.

आकाशात जाऊन तो काय करतो? पृथ्वी तापते आणि आपली उष्णता अवकाशात परत सोडते. वाटेत काही वायू ती अडवतात. कार्बन डायऑक्साइड अडवतो हे तुम्ही शाळेत शिकलात. मिथेन कितीतरी जास्त अडवतो. शंभर वर्षांचा हिशेब केला तर किलोला किलो सुमारे २८ पट, आणि वीसच वर्षांचा केला तर ऐंशीपटीच्या आसपास.

आता वही घ्या. ३,३०० युनिट विजेला अंदाजे १,६५० घनमीटर गॅस लागतो. त्यातला साठेक टक्के मिथेन म्हणजे हजार घनमीटर. वजन केलं तर सुमारे ७०० किलो. याला २८ नं गुणा. १९,६०० किलो, म्हणजे जवळपास २० टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्याइतका ताप. तोही रोज.

आणि तेवढी वीज कोळशावर केली असती तर? कोळशाच्या विजेत युनिटमागे ढोबळमानानं एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ३,३०० युनिटला तीन टनांच्या थोडं वर.

दोन आकडे शेजारी ठेवा. कोळसा वाचला त्याचे तीन टन, मिथेन अडवला त्याचे वीस टन. अर्थात, डोंगरावर टाकलेला सगळाच माल हवेवाचून सडतो असं नाही, काही उघड्यावर सुकून जातो, काही कुत्री-डुकरं खातात. म्हणून वीसचे कमी धरा. निम्मे धरले तरी ते कोळशाच्या तिप्पट आहेत. मला विचाराल तर वीज हे इथलं वरकड उत्पन्न. मिथेनला पकडून जाळून टाकणं हे मुख्य काम.

‘अहो, पण जाळलं की त्याचाही कार्बन डायऑक्साइडच होतो ना?’ होतो. पण तो कार्बन आला कुठून? पावातला गहू, मिसळीतली मटकी, कांदा. या पिकांनी गेल्या वर्षा-दोन वर्षांत तो हवेतूनच घेतला होता. तोच परत गेला, हिशेब चुकता. कोळशातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीखाली झोपलेला होता. त्याला उठवून वर आणला की हवेत नवी भर पडते.

मिथेनची आणखी एक गोष्ट मुलांनीच लक्षात ठेवावी अशी आहे. तो हवेत फार टिकत नाही. साधारण बारा वर्षांत बराचसा मोडून जातो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं रेंगाळतो. म्हणजे आज मिथेन सोडणं कमी केलं तर त्याचा परिणाम बघायला तुमच्या पणतवंडांची वाट बघावी लागणार नाही. आज तुम्ही दहा वर्षांचे असाल तर कॉलेजात असतानाच फरक मोजता येईल. हवामानाच्या बाबतीत एवढं लवकर निकाल देणारं काम फार थोडं आहे.

ही सगळी कल्पना जर्मनीहून आयात झाली असं समजू नका हं. बुडबुड्यांची गोष्ट जुनी. १७७६ साली इटलीत व्होल्टा नावाच्या शास्त्रज्ञानं (हो, व्होल्ट ज्याच्या नावानं मोजतात तोच) एका मोठ्या सरोवराच्या काठचा चिखल काठीनं ढवळला. वर आलेले बुडबुडे बाटलीत पकडले आणि ते जळतात हे दाखवलं. आपल्या मुंबईत १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीतला गॅस दिव्यांसाठी वापरला गेला. तेव्हा तुमच्या पणजोबांचे वडील कदाचित रांगत असतील.

पुढे कोकणात कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईच्या कामाला वाहून घेतलं. मैल्याला हात लावणारा माणूस हलका, ही समजूतच त्यांना पुसायची होती. म्हणून ते स्वतः भंगीकाम करायचे, आणि मैल्याचं खत, गॅस कसा करता येईल याचे प्रयोगही चालायचे. पुण्याजवळ देहूला डॉक्टर म्हणून आलेल्या सुहास विठ्ठल मापुसकरांनी पाहिलं की गावात बहुतेक लोक उघड्यावर जातात आणि त्यातूनच रोग पसरतात. औषधं देत बसण्यापेक्षा त्यांनी शौचालयांचं मनावर घेतलं आणि शौचालयाला जोडलेला गॅसचा प्रकल्प तयार केला. त्याचं नाव मलप्रभा. किती सुंदर नाव आहे! २०१७ साली, म्हणजे विल्होळीचा प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी, त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

आणि खुद्द नाशिकमध्ये, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धन गावात निर्मल ग्राम निर्माण केंद्र आहे. ते याच परंपरेतलं. तिथे शौचालयं आणि गोबरगॅस कसे बांधायचे हे शिकवतात. सहलीसाठी शिक्षक ठिकाण शोधत असतील तर हे नाव सुचवा. ‘सर, यंदा शौचालयं बघायला जाऊया’ असं वर्गात म्हटल्यावर सरांचा चेहरा कसा होतो तेही बघायला मिळेल.

मग अशी पोटं गावोगाव, प्रत्येक वॉर्डात का दिसत नाहीत? कारण ही पोटं फार नखरेल असतात. त्यांना रोज, वेळेवर आणि निवडलेलं अन्न लागतं. पिंपात खरकट्याबरोबर काय काय येतं बघा: टूथपिक, प्लास्टिकचे चमचे, सॉसच्या पुड्या, कागदी रुमाल, एखादा स्टीलचा चमचासुद्धा. चमच्यानं पंप अडकतो. पुड्या वर तरंगून जाड थर धरतात. नारळाच्या करवंट्या, हाडं, अंड्यांची टरफलं जिवाणूंना फुटत नाहीत. लिंबा-संत्र्याच्या सालीतलं सुवासिक तेल त्यांना मानवत नाही. थोडं चालतं, टोपलीभर नाही. तर्रीत मिथेन जास्त असतो हे मघाशी सांगितलं, पण तेलही प्रमाणाबाहेर झालं की टाकी बिघडते. तिकडे शौचालयांत सफाईसाठी ॲसिड आणि फिनेल बदाबदा ओतलेलं असलं तर मैल्यातले जिवाणू वाटेतच मरतात.

म्हणजे डायजेस्टर बांधणं सोपं, त्याला रोज नीट जेवू घालणं अवघड. एखादं हॉटेल पिंपात सगळं एकत्र टाकतं, एखादं खरकटं डुकरं पाळणाऱ्याला देऊन टाकतं, एखाद्या दिवशी गाडीच येत नाही. पोट अर्धं भरलं की वीजही अर्धी. मोठमोठी यंत्रं बसवून फीत कापायला सगळे येतात. पुढे रोज पहाटे पिंपं उचलणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही. प्रकल्पाचा खरा इंजिनिअर तोच आहे असं माझं मत आहे. घंटागाडीवरच्या दादांना ओला आणि सुका कचरा वेगवेगळा द्या असं सारखं का सांगावं लागतं, ते आता तुम्हाला कळलं असेल.

निघालेला गॅससुद्धा लगेच इंजिनात जात नाही. त्यात मिथेनबरोबर कार्बन डायऑक्साइड असतो आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. हा शेवटचा भलता खोडकर, इंजिनातलं लोखंड खातो. मग त्याला पकडायचं कसं? त्याला लोखंड आवडतं ना, मग आधीच लोखंड खायला द्यायचं! गॅस गंजलेल्या लोखंडाच्या किसातून नेला की तो तिथेच अडकतो.

आणि पोटातून शेवटी जे बाहेर पडतं ते खत म्हणून वापरता येतं. नायट्रोजन, फॉस्फरस सगळं त्यात शिल्लक असतं, फक्त कार्बन गॅस होऊन गेलेला. पण एक सावधगिरी. माणसाच्या मैल्यात जंतांची अंडी असतात आणि ती चिवट असतात. तासभर ७० अंशांवर तापवलं की मरतात. तापवायला उष्णता कुठून आणायची? इंजिन आहेच की तापलेलं! त्याची फुकट जाणारी उष्णता कामाला लावता येते.

२०२७ साली नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. लाखो माणसं येणार. स्नानाचे फोटो तुम्ही पेपरात बघालच. पण ती सगळी माणसं पहाटे उठणार, आणि उठल्यावर आधी कुठे जाणार? त्रैराशिक तुम्हाला येतंच. माणशी २८ लीटर. एक लाख माणसं धरून किती युनिट होतात ते काढा आणि उत्तर संपादकांना कळवा. (मैला सगळाच्या सगळा टाकीत पोचला तर, ही अट लिहायला विसरू नका.)

आता करून बघायला एक प्रयोग. मोठ्या माणसाला सोबत घ्या. पाण्याची एक लीटरची रिकामी बाटली, मूठभर ताजं शेण, तेवढंच पाणी, आणि चमचाभर शिळा भात किंवा भाजीची बारीक चिरलेली सालं. सगळं कालवून बाटली अर्धी भरा. तोंडावर फुगा ओढून बसवा आणि दोऱ्यानं गुंडाळा. झाकण लावायचं नाही, गॅस कोंडला तर बाटली फुटेल. घराबाहेर उबेच्या जागी, थेट उन्हात नाही, अशी ठेवा. दुसरी बाटली तशीच करा पण भात चार चमचे घाला. तिसरीत शेण अजिबात नको, फक्त भात आणि पाणी.

रोज संध्याकाळी तिन्ही फुग्यांभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. पहिल्या काही दिवसांत फुगा भरला म्हणून नाचू नका, त्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. मिथेनवाली मंडळी सावकाश येतात, त्यांना दोन-तीन आठवडे द्या. जमलं तर लिटमस कागद बुडवून कुठली बाटली किती आंबट झाली तेही बघा; दुसरी आणि तिसरी काय करतात त्यावर जास्त लक्ष ठेवा. फुग्याजवळ काडी, मेणबत्ती, उदबत्ती काहीही न्यायचं नाही. व्होल्टानं केलं म्हणून आपणही करायचं नाही.

प्रयोग संपल्यावर फुगा मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून काढा. बाटलीतला काला झाडाच्या बुंध्याशी माती उकरून ओता आणि वर माती लोटा. शेजाऱ्यांच्या खिडकीखालचं झाड निवडू नका.